काळं नेसून आलेल्या बायका

मनवेलपाडा, विरार पूर्व
सोमवार, ३ नोव्हेंबर

डायनाताई,

काल अर्नाळ्याच्या सिमेट्रीत तू मम्मीच्या थडग्यावर मेणबत्ती लावत होतीस, तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. वळलीस, मला पाहिलंस आणि जीनाला उचलून चालायला लागलीस. मृतांच्या दिवशी सगळं गाव मेलेल्यांशी बोलत होतं आणि तू जिवंत बहिणीशी बोलली नाहीस. बरं, नको बोलू. पण जीनाला तू डाव्या कडेवर घेतलंस ते मी पाहिलं. पाण्याची कळशी असो की लहानपणीची मी, तू सगळं उजव्या कडेवर घ्यायचीस. आणि एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या कशाला?

फोनवर मी ब्लॉक आहे. तू केलंस की ब्रायननं, देव जाणे. म्हणून ही चिठ्ठी. तुमच्या शेजारची द्वारकामावशी रोज सकाळी आमच्या चाळीत मासे घेऊन येते, तिच्याकडे देते आहे. ती म्हणाली, "दे, पापलेटाच्या खाली घालते, तिथं कोन हात घालनार नाय." चिठ्ठीला वास आला तर माझ्या नावानं बोटं मोडू नकोस.

मे महिन्यात मी फादरना सांगितलं, म्हणून तू बोलणं टाकलंस. फादर आले, चहा प्यायले, तुझ्या नवऱ्याला चार शब्द सांगून गेले आणि ते फाटकाबाहेर पडल्यावर काय झालं ते मला द्वारकामावशीनं सांगितलं. माझ्यामुळे झालं म्हणतेस ना? म्हण. मारणारा तो, आणि राग माझ्यावर. पण मी गप्प बसायची नाही, ते मला जमत नाही, तुला माहीत आहे.

माझी खोली एकच आहे, पण तिघी मावू. जीनाला घेऊन निघून ये. दुसरं काही मागत नाही.

तुझी
मेलिसा


मनवेलपाडा
सोमवार, १० नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. द्वारकामावशीला विचारलं तर म्हणे, "वाचते आनि शेगडीवर धरते." म्हणजे वाचतेस. मला तेवढं पुरे.

आता एक सांगते, रागावू नकोस. रितिकाला तू ओळखत नाहीस. मी जिच्या कपड्यांच्या दुकानात काम करते ती. मनानं चांगली आहे, फक्त फार जोरात चांगली आहे. गेल्या मंगळवारी शिलाई उसवता उसवता माझे डोळे भरून आले, तिनं विचारलं आणि मी सांगितलं. नाव नाही घेतलं. नुसतं म्हटलं, माझ्या ओळखीतली एक बाई आहे.

ती ताडकन उठलीच. म्हणाली, आपण सगळ्या जणी एक दिवस काळं घालू. बायकांवर हात उचलणाऱ्यांचा निषेध. जगभर करतात म्हणे असं. मी म्हटलं, "काळं घातल्यानं काय होतं?" तर म्हणते, "कपडा बोलतो, मेलिसा. त्या बाईला कळतं की ती एकटी नाही. आणि त्या माणसाला कळतं की लोक बघतायत." दुसऱ्या दिवशी दुकानाच्या खिडकीत काळे कुर्ते लागले. खांद्यावर छोटं जांभळं फूल भरलेलं. चार दिवसांत सगळे गेले. मला ते थोडं खटकलं, लपवत नाही. पण आमच्या चाळीतल्या, चर्चच्या महिला मंडळातल्या, दुकानात येणाऱ्या अशा मिळून वीस-बावीस जणी तयार झाल्या. ज्या बायका नळावर एकमेकींच्या बादल्या ढकलतात त्या! मला बरं वाटलं, ताई. फादरना सांगून झालं, तुला विनवून झालं. निदान काहीतरी होतंय.

तूच सांग, काहीच न करण्यापेक्षा हे बरं ना?

ब्रायनची बोट गुरुवारी निघते असं मावशी म्हणाली. आठवडाभर तो समुद्रावर. तेवढे दिवस तरी नीट जेव.

मेलिसा


मनवेलपाडा
रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार

ताई,

आम्ही आलो होतो. ते तू पाहिलंसच.

विरारला चर्चमधली सकाळची मिस्सा झाली आणि दोन मोठ्या गाड्या करून अर्नाळ्याला निघालो. ठरलं होतं फक्त किनाऱ्यावर फोटो काढायचे, मागे किल्ला दिसेल असे. गाडीत बायका गाणी म्हणत होत्या. कुणाच्या कुर्त्याची बाही घट्ट, कुणाची सैल, त्यावरून हसणं चाललं होतं. मीही हसत होते. हा रविवार मुद्दाम निवडला होता, ब्रायन बोटीवर असणार म्हणून. तो घरी नसताना तुला त्रास होणार नाही, एवढा शहाणपणा मी केला होता. आता त्या शहाणपणाला जोड्यानं मारावंसं वाटतंय.

किनाऱ्यावरून परतताना रितिका म्हणाली, "ती बाई इथलीच ना? घर कुठलं?" मी हातानं दाखवलं. हो, मीच. तुझं नावही सांगितलं. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मागच्या चिठ्ठीत खोटं लिहिलं.

मग आम्ही तुमच्या दारासमोर, गल्लीच्या पलीकडे ओळीनं उभ्या राहिलो. घोषणा नाहीत, बोलणं नाही, हातात हात. रितिका म्हणाली होती, गप्प उभं राहिलं की जास्त लागतं. मार्गारेट आंटी ओट्यावर बोंबील उलटत होत्या. त्यांनी मान वर केली. आमच्याकडे पाहिलं. हातातलं सूप खाली पडलं आणि त्या "माजा ब्रायन" म्हणून जमिनीवर बसल्या.

बाकीच्यांना वाटलं, सासू लाजली. एक जण म्हणालीसुद्धा, "बघ, लागलं वर्मी." मला मात्र त्या क्षणी कळलं.

तुला ब्रायनचे वडील, लुईस अंकल गेले तो दिवस आठवतो? तू सातवीत असशील. आपण खिडकीत होतो. मम्मीनं पेटीतून काळी साडी काढली, आपल्याला एक शब्द न बोलता नेसली आणि निघाली. आळीतल्या सगळ्या बायका तशाच निघाल्या. मार्गारेट आंटींच्या दारासमोर ओळीनं उभ्या राहिल्या, गप्प. कुणी सांगितलं नाही की तुझा नवरा बुडाला. आपल्या आळीत तसली बातमी तोंडानं सांगत नाहीत. काळं नेसून दारासमोर जाऊन उभं राहतात, आणि घरातली बाई समजते. बोट बाहेर असताना मम्मी आपल्याला काळी रिबीनसुद्धा बांधू द्यायची नाही.

ते सगळं मला माहीत होतं. विरारला राहून मी विसरले. आणि आंटी खाली बसल्या तेव्हा मी धावायला हवं होतं, पण रितिका म्हणाली "एक शेवटचा," म्हणून मी फोटोसाठी उभी राहिले. तू खिडकीत होतीस. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी फोटोत हसतेय, ताई. तो फोटो मी पाहिला.

आंटींना सांग ना की बोट ठीक आहे. सांगितलं असशीलच. तरी सांग.

मेलिसा


मनवेलपाडा
मंगळवार, १८ नोव्हेंबर

ताई,

काल रात्रीपासून वारा फिरलाय. आमच्या चाळीचे पत्रे वाजतायत. द्वारकामावशी आज मासे न घेता आली, नुसती सांगायला आली. बंदरावर धोक्याचा बावटा लावलाय, बाहेर गेलेल्या बोटींना परत बोलावलंय.

तिनं सांगितलं ते तसंच लिहिते. आंटी अंथरुणावर आहेत, जेवत नाहीत. येईल त्याला सांगतात की सुनेनं माझ्या दारात काळं आणलं. द्वारकामावशी म्हणाली, "मी म्हनलं, माय, त्या येड्या शेरातल्या बाया, त्यांना काय ठावं? तर म्हनते, शेरातल्या नाय, त्यात डायनाची बहीन व्हती, तिला सगलं ठावं हाय. आता माज्या पोराला काय झालं तर ही जबाबदार." आळीतल्या बायका नळावर तुझ्याशी बोलेनाशा झाल्यात म्हणे. जीनाला कुणी आपल्या ओट्यावर बसू देत नाही.

ताई, मी तुझ्यासाठी आले होते. तुझ्यासाठीच. मी काय करून बसले गं.

मी दुपारी चर्चमध्ये जाऊन आले. मेणबत्ती लावली. कुणासाठी, सांगू? ज्यानं तुझ्या हाताची ही गत केली त्याच्यासाठी. देवा सायबा, त्याला सुखरूप आण म्हटलं. तो आला नाही तर आयुष्यभर तुला म्हणतील की हिनं नवऱ्याचं काळं केलं. आणि तो आला, तर कुणीतरी त्याला बंदरावरच सांगेल की तुझ्या बायकोनं तू जिवंत असताना तुझं सुतक पाळलं. तो आला तरी मला भीती, नाही आला तरी भीती.

दुकानात फोटो मोठा करून लावलाय. रितिकाला सांगितलं, काढ. ती म्हणाली, "पण लोकांना आवडलाय." मी तिच्यावर इतकी ओरडले की गिऱ्हाईक निघून गेलं. मग तिला सगळं सांगितलं, आळीची रीत, लुईस अंकल. तिनं फोटो काढला आणि तो घेऊन स्टुलावर बसली. मग म्हणाली, "कपडा बोलला गं. पण आपण भलतंच बोललो."

निरोप तरी पाठव. शिवी पाठव.

मेलिसा


मनवेलपाडा
गुरुवार, २० नोव्हेंबर

ताई,

तुझा निरोप मिळाला.

सकाळी द्वारकामावशी जिना चढून वर आली, दारातच टेकली. म्हणाली, बाकीच्या बोटी काल परतल्या. ब्रायनची नाही. वायरलेसवर आवाज नाही. मग ती म्हणाली, "डायनानं तुला सांगायला सांगितलंय. जसं म्हनली तसं सांगते, वाईट वाटून घेऊ नको."

तू म्हणालीस, मावशीच्या तोंडून: "वीस जनी आल्या, फोटो काढला, गेल्या. येकीनंबी दार वाजवलं नाय."

एवढंच. मी मावशीला दोनदा विचारलं, आणखी काही? म्हणाली, नाही, एवढंच बोलून भांडी घासायला लागली.

ताई, दार तर उघडंच होतं. आंटी ओट्यावर होत्या. हे मी लिहिलं आणि खोडणार होते, पण राहू दे, माझी अक्कल तुला दिसू दे. आम्ही सगळ्या गल्लीच्या त्या बाजूला उभ्या होतो. चार पावलं होती. मी आत आले असते, तुला म्हटलं असतं, चल. तू आली असतीस का, ते मला माहीत नाही. पण मी विचारलंच नाही. मी ओळीत उभी होते कारण ओळ ठरली होती.

एवढ्या बायकांना हाताशी धरून मी तुझ्या दारापर्यंत आले आणि तुला विचारायचं राहिलं.

बोट येऊ दे. देवा, बोट येऊ दे.

मेलिसा


मनवेलपाडा
रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळ

ताई,

बोट आली. काल संध्याकाळी कळलं. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीनं ओढत आणलं, सगळे खलाशी सुखरूप. मी गुडघ्यांवर बसले आणि रडले. रडता रडताच आठवलं, आता तो घरात आहे.

द्वारकामावशी म्हणते, बंदरावरच कुणीतरी त्याच्या कानात घातलं. काल रात्री तुमच्या घरातून आवाज आला. आज सकाळी तू नळावर आली नाहीस. जीना खिडकीत दिसली, तू नाही. हे सांगताना मावशी माझ्याकडे बघत नव्हती.

रितिकाचा फोन आला होता. "आता काय करायचं? काय घालायचं?" असं विचारत होती बिचारी. तिला खरंच विचारायचं होतं. मी म्हटलं, काहीही घाल, गाडी घेऊन ये. येतेय ती.

ही चिठ्ठी मावशीकडे देत नाही. पर्समध्ये ठेवते आहे. मला तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही, तर निदान ही दाराखालून सरकवीन. पोलीस चौकीवर आधी जाऊन सांगून आले आहे, तिथल्या मॅडमनी नाव-पत्ता घेतलाय, गरज पडली तर फोन कर म्हणाल्या.

मला भीती वाटतेय की तू म्हणशील, नाही येत. मला भीती वाटतेय की तू हो म्हणशील आणि तो समोर उभा असेल. तरी येतेय. दार वाजवीन. तू उघडलं नाहीस तर पुन्हा वाजवीन.

मेलिसा


मनवेलपाडा
मंगळवार, २५ नोव्हेंबर, सकाळ

ताई,

तू आणि जीना झोपल्या आहात. उठवत नाही. ही चिठ्ठी पाण्याच्या तांब्याखाली ठेवते आहे. दुकानात जाऊन दुपारी परत येते.

डॉक्टरांनी प्लास्टर ओलं करू नको म्हटलंय. भांडी घासू नकोस. घासलीस तर माझ्याशी गाठ आहे.

रविवारी तुझ्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, म्हणून लिहिते. मी दार वाजवलं तेव्हा आंटींनी उघडलं. त्यांनी आधी माझे कपडे पाहिले. पिवळा कुर्ता होता, हाताला लागला तो घातलेला. मग माझं तोंड पाहिलं. म्हणाल्या, "आता काय सांगायला आलीस?" मी म्हटलं, "सांगायला नाही. ताईला न्यायला आले." मला वाटलं, झाडू उचलतील. पण त्या म्हणाल्या, "घेऊन जा हिला. माज्या दारात काळं आनलं हिनं, मला नको ही घरात." ज्या कारणासाठी त्या तुला घालवत होत्या, ते कारण मीच आणलेलं होतं.

आणि ब्रायन आतून ओरडत आला तेव्हा द्वारकामावशी कुठून आली, मला अजून कळलेलं नाही. ती टोपलीसकट उंबऱ्यातच बसली, जणू बाजारच भरलाय. दार लावायला जागाच ठेवली नाही. "वाट दे" म्हणाला तर म्हणते, "कंबर धरलीय माजी, उठवत नाय. तू आधी दम घे, बाबा, दर्यातून आलायस." तेवढ्यात तू जीनाला घेऊन बाहेर. डाव्या कडेवर.

गाडीत तू एकदाच बोललीस. मी दोन रात्री तेच बोलणं घेऊन जागी आहे. तू म्हणालीस, "त्या दिवशी तुम्हाला खिडकीतून पाहिलं आणि मला पण वाटलं, ब्रायन गेला. आणि मला बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की मीच घाबरले. म्हटलं, आता इथं राहिले तर मी माणूस राहणार नाही."

रितिका गाडी चालवत होती. तिनं ऐकलं. मला माहीत आहे तिच्या मनात काय आलं असेल. माझ्याही आलं. की मग आमच्या काळ्या कपड्यांनी काहीतरी केलं म्हणायचं का? ताई, मी स्वतःला हे विचारणं बंद केलंय. ते बरं वाटणं तुझं होतं, त्यानंतरची भीतीही तुझीच होती आणि निघायचं तूच ठरवलंस. आम्ही तर चुकून दुसऱ्याच कुणाच्या मरणाची बातमी देऊन आलो होतो. आणि त्याची किंमत त्या आठवडाभरात तू आणि जीनानं मोजली, आम्ही नाही.

आज पंचवीस तारीख. दुकानात रितिकाचा मोठा कार्यक्रम आहे, बायकांवरच्या अत्याचाराविरुद्धच्या दिवसाचा, पुन्हा काळं घालून. तिनं रद्द केला नाही, मी सांगितलंही नाही. येणाऱ्या बायकांना येऊ दे, काळं घालू दे, त्यात कुणाचं वाईट नाही. पण ती स्वतः तिथं नसेल. अकराच्या सुमाराला ती इथं येईल आणि मी येईपर्यंत तुझ्याजवळ बसेल. तिला फार बोलायची सवय आहे. नको असेल तर सांग, गप्प बसेल. हल्ली बसते.

चौकीतल्या मॅडम तक्रारीसाठी तीन वाजता वाट बघतील. जायचं की नाही ते तू ठरव. मी बरोबर असेन, गेलीस तरी आणि नाही गेलीस तरी.

ब्रायन काल खाली पानाच्या टपरीवर दिसला म्हणे, चाळीतल्या शांतारामकाकांनी सांगितलं. तुला सांगणार नव्हते. सांगते. आतून कडी लाव, वरचीही आणि खालचीही. कुणी दार वाजवलं तर लगेच उघडू नकोस, आधी विचार कोण आहे. मी आले की वाजवीन आणि माझं नाव सांगेन.

मेलिसा